ठोका उशिरा येतोय

"आई, मी वेळेवरच दाबतेय गं. ठोकाच उशिरा येतोय."

लेक हे म्हणाली तेव्हा साउंडबार, म्हणजे टीव्हीला जोडायचा लांबट स्पीकर, घरात येऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. ती तालाचा गेम खेळत होती. पडद्यावर रंगीत ठिपके खाली सरकत येतात, ठिपका रेषेला टेकला की बटण दाबायचं, आणि दाबलं की ड्रम वाजतो. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर हाच गेम ती कित्येक महिने खेळत होती. शंभरातले नव्वद-पंच्याण्णव ठोके बरोबर पडायचे. आता साठ पडत होते. मला वाटलं, आवाज नवा आहे, थोड्या दिवसांत कान रुळतील. तरी तिच्या समाधानासाठी कंट्रोलर हातात घेतला, डोळे मिटले आणि नुसतं बटण दाबत राहिले. बोट खाली गेलं, बटणाचा बारीक खटका ऐकू आला, मग थोडी रिकामी जागा, आणि मग ड्रम. ती रिकामी जागा इतकी स्पष्ट होती की डोळे उघडून मी तिला म्हटलं, "तुझं बरोबर आहे."

पुढचे जवळजवळ तीन आठवडे मी त्या रिकाम्या जागेच्या मागे लागले होते. त्यात जे जे कळलं ते इथे लिहितेय, चुकीच्या वाटांसकट, कारण त्या वाटा वगळल्या तर बरोबर वाट बरोबर का आहे ते कळत नाही.

आमची जोडणी बहुतेक घरांत असते तशीच. कन्सोलची, म्हणजे गेम चालवणाऱ्या यंत्राची, एचडीएमआय केबल टीव्हीत जाते, आणि टीव्हीच्या ज्या पोर्टावर 'आर्क' लिहिलेलं असतं तिथून दुसरी केबल साउंडबारला. आर्क म्हणजे ऑडिओ रिटर्न चॅनल. २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर तो आला. एरवी एचडीएमआयमधून चित्र आणि आवाज टीव्हीकडे येतात. आर्कमुळे त्याच केबलमधून आवाज उलटा, टीव्हीकडून बाहेर जाऊ शकतो. म्हणजे आमच्याकडे आवाज आधी कन्सोलमधून टीव्हीत, मग टीव्हीतून साउंडबारमध्ये, असा दोन घरं फिरून कानापर्यंत येत होता. चित्र मात्र पहिल्याच घरी थांबतं.

पहिल्या संध्याकाळी तर केबल पुरली नाही म्हणून मी ब्लूटूथने जोडलं होतं. तो प्रयोग तासाभरातच सोडला. ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान करतात, तुकड्या-तुकड्यांनी हवेतून पाठवतात, आणि एखादा तुकडा वाटेत हरवला तरी आवाज तुटू नये म्हणून पलीकडे थोडा साठा करून मगच वाजवतात. या सगळ्यात शंभर ते तीनशे मिलिसेकंद सहज जातात. दुसऱ्या दिवशी लांब केबल लावली. लेकीची तक्रार या केबलनंतरची आहे, हे महत्त्वाचं. वायरने जोडलं की उशीर संपतो असं मी धरून चालले होते.

साउंडबारच्या रिमोटवर 'सिंक' नावाचं बटण आहे. ते दाबलं की शून्य ते तीनशे मिलिसेकंदांपर्यंत आकडा बदलता येतो. मी मोठ्या आशेने तो वीसवर नेला. आणखी वाईट. चाळीसवर नेला, त्याहून वाईट. मग खाली आणू लागले, तर तो शून्याशी येऊन थांबला. उणे वीस, उणे चाळीस अशी सोयच नाही. टीव्हीच्या मेनूतही आवाजाच्या उशिराची एक पट्टी होती, तीसुद्धा शून्यापासून पुढेच जाणारी. (ती तेव्हा २० वर होती. मी ते पाहिलं आणि दुर्लक्ष केलं. त्याकडे पुढे येते.)

त्या रात्री पडल्या पडल्या विचार करताना हे उमगलं की उणे आकडा असूच शकत नाही. साउंडबारकडे आवाज आला की तो लगेच वाजवू शकतो किंवा धरून ठेवू शकतो. अजून न आलेला आवाज तो कुठून वाजवणार? या सगळ्या सिंकच्या पट्ट्या चित्र मागे आणि आवाज पुढे असेल तेव्हाच्या आहेत. आमच्याकडे आवाजच मागे होता. त्याला एकच उपाय: कन्सोलपासून कानापर्यंतच्या वाटेवर आवाजाला कोण कोण अडवून ठेवतं ते शोधायचं, आणि एकेकाला बाजूला करायचं.

पण हे कळूनसुद्धा दुसऱ्या दिवशी मी एका सोप्या उत्तराला भुलले. टीव्हीचा गेम मोड बंद केला. आणि काय आश्चर्य, गेममधल्या गोष्टीच्या प्रसंगात पात्रांचे ओठ आणि शब्द जुळले! तलवारीवर तलवार आदळली की त्याच क्षणी खणकन आवाज. मी लेकीला बोलावलं. तिने कंट्रोलर घेतला, अर्धा मिनिट खेळली आणि म्हणाली, "आता सगळंच उशिरा होतंय."

हे वाक्य मला फार उपयोगी पडलं. गेम मोड बंद असतो तेव्हा टीव्ही चित्रावर बरंच काम करतो. दाणेदारपणा काढतो, कडा रेखीव करतो, हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन फ्रेमच्या मध्ये स्वतः एक फ्रेम बनवून घालतो. दोन फ्रेमच्या मधली फ्रेम बनवायची तर दुसरी फ्रेम हातात यावी लागते, म्हणजे पहिली तोवर धरून ठेवावी लागते. सेकंदाला साठ फ्रेम असल्या तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, अशा चार-पाच अडकल्या की झाला उशीर. गेम मोड ही कामं बाजूला ठेवतो आणि चित्र लवकर दाखवतो. तो बंद करून मी आवाज पुढे आणला नव्हता, चित्राला मागे ओढून आवाजाच्या रांगेत उभं केलं होतं.

सिनेमा बघताना डोळा आणि कान असे दोघेच असतात. त्या दोघांचं जुळलं की काम झालं. दोघांनाही अर्धा सेकंद उशीर झाला तरी कुणाला पत्ता लागत नाही. गेममध्ये तिसरा असतो तो हात. बटण कधी दाबलं हे हाताला पक्कं माहीत असतं, आणि डोळा-कान आपसांत कितीही जुळवून घेवोत, हाताला फसवता येत नाही. म्हणून साउंडबारचा उशीर घालवण्याचे जे उपाय सिनेमासाठी चालतात ते गेमला जसेच्या तसे लावले तर दुखणं लपतं आणि वाढतं. मी गेम मोड परत चालू केला, आणि त्यानंतर त्याला हात लावला नाही.

इथवर सगळं कानाच्या भरवशावर चाललं होतं, आणि कान दमतात. तासभर एकच ठोका ऐकल्यावर मला प्रत्येक सेटिंग आधीच्यापेक्षा बरी वाटू लागली होती. मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलं.

मोजायला लागतो फक्त फोन. माझ्या फोनवर स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम निघतात, म्हणजे एक फ्रेम सव्वाचार मिलिसेकंदांहून किंचित कमी. फोन असा ठेवला की कंट्रोलरवरचा अंगठा आणि टीव्हीचा पडदा दोन्ही एकाच चौकटीत दिसतील. पण यात एक खाच आहे, आणि ती आधीच लक्षात आली याचं मला बरं वाटतं. फोन चित्रीकरण करताना त्याच्या स्वतःच्या चित्रात आणि आवाजात थोडा फरक पडू शकतो. पडद्यावरचा प्रकाश चित्रात पाहायचा आणि ड्रम त्याच चित्रीकरणाच्या आवाजात ऐकायचा असं केलं, तर फोनचा फरक टीव्हीच्या नावावर चढतो. म्हणून मी दोन मापं वेगळी घेतली. चित्राचं माप चित्रातच: अंगठा बटण तळाला नेतो त्या फ्रेमपासून पडद्यावर चमक दिसते त्या फ्रेमपर्यंत किती फ्रेम, ते मोजायचं. आवाजाचं माप आवाजातच: फोन कंट्रोलरजवळ ठेवून नुसता आवाज ध्वनिमुद्रित करायचा. त्यात बटणाचा खटका आधी येतो, ड्रम नंतर. ते ध्वनिमुद्रण ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडलं की दोन्ही उंचवटे लाटेवर लख्ख दिसतात आणि मधलं अंतर मिलिसेकंदात वाचता येतं. दोन्ही मापांचा आरंभ एकच, तो म्हणजे बोट. त्यामुळे फोनचा स्वतःचा फरक मध्ये येतच नाही.

प्रत्येक सेटिंगला दहा-दहा वेळा बटण दाबून मधला आकडा घेतला, कारण एकाच सेटिंगमध्येही दहा-पंधरा मिलिसेकंदांचा फरक पडतो. गेम स्वतः दर फ्रेमला एकदाच बटण तपासतो; आपण फ्रेमच्या सुरुवातीला दाबलं की शेवटी, यावर तो फरक ठरतो.

पहिलं माप टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरचं. साउंडबार बंद, गेम मोड चालू. बोटापासून चित्रापर्यंत ७७ मिलिसेकंद, बोटापासून आवाजापर्यंत ११८. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे आकडे मोठे निघाले, पण त्यात गेमचं स्वतःचं कामही धरलेलं असतं: बटण ओळखणं, चित्र काढणं, आवाजाचा छोटा साठा भरणं. त्यावर आपला इलाज नाही. हे ११८ माझं लक्ष्य ठरलं. लेकीचे नव्वद ठोके याच आकड्यावर पडत होते.

मग साउंडबार चालू केला. चित्र ७७, जसंच्या तसं. आवाज २३४.

म्हणजे ११६ मिलिसेकंद कुठेतरी अडकून पडले होते. जवळपास सात फ्रेम. आता निदान किती शोधायचं आहे ते कळलं.

सर्वात पहिला संशय कन्सोलच्या आवाजाच्या प्रकारावर गेला. कन्सोलच्या सेटिंगमध्ये आवाज कशा रूपात पाठवायचा हे निवडता येतं: लिनिअर पीसीएम, डॉल्बी डिजिटल, डीटीएस वगैरे. साउंडबार जोडताना मी खुशीने डॉल्बी डिजिटल निवडलं होतं, कारण खोक्यावर ते नाव होतं आणि त्याशिवाय ५.१, म्हणजे पुढून-मागून येणारा सहा चॅनलचा आवाज, ऐकू येणार नाही अशी माझी समजूत होती. पीसीएम म्हणजे आवाज जसा आहे तसा, न दाबता. डॉल्बी डिजिटल म्हणजे तोच आवाज दाबून लहान केलेला. दाबण्याचं काम चौकटी-चौकटींनी होतं, आणि डॉल्बी डिजिटलची एक चौकट १५३६ नमुन्यांची असते (नमुना म्हणजे आवाजाचं एका क्षणाचं माप). सेकंदाला ४८,००० नमुने, तेव्हा एक चौकट भरायलाच ३२ मिलिसेकंद लागतात. बादली भरल्याशिवाय उचलायची नाही. आणि पलीकडच्याने अख्खी बादली हातात आल्याशिवाय ओतायची नाही. भरण्यात एक बादली, ओतण्यात एक, आणि वर दोन्हीकडच्या हिशेबाचा वेळ. सिनेमात हा आवाज आधीच दाबून ठेवलेला असतो, त्यामुळे भरण्याचा वेळ लागत नाही. गेममध्ये ड्रम वाजणार आहे हे बटण दाबेपर्यंत कुणालाच माहीत नसतं, म्हणून बादली त्याच वेळी भरावी लागते.

हे सगळं वाचून, समजून घेऊन मी कन्सोल पीसीएमवर टाकला आणि मोजलं. २३१.

खरं सांगते, त्या संध्याकाळी मी फार निराश झाले. तर्क पक्का वाटत होता आणि आकडा हललाच नव्हता. फोन, वही, कंट्रोलर सगळं तसंच ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी गेम सुरू करताना सहज नजर साउंडबारच्या छोट्या पटलाकडे गेली. त्यावर अक्षरं सरकत होती: 'डॉल्बी डिजिटल'. कन्सोल पीसीएम पाठवतोय आणि बारला डॉल्बी मिळतंय!

मग दुवा लागला. मध्ये टीव्ही बसलाय. साध्या आर्कमधून न दाबलेला आवाज जायचा तर फक्त दोन चॅनलचा, स्टिरिओ जातो. कन्सोलने ५.१ चा पीसीएम दिला, टीव्हीचं डिजिटल आउटपुट 'ऑटो'वर होतं, तेव्हा टीव्हीने स्वतःच ते सहा चॅनल डॉल्बी डिजिटलमध्ये दाबून पुढे पाठवले. म्हणजे बादली भरण्याचं काम मी कन्सोलकडून काढून घेतलं आणि ते टीव्हीने न विचारता उचललं. माझा तर्क बरोबर होता, पण वाटेवर तेच काम करणारे दोघं आहेत हे मी धरलं नव्हतं. त्या दिवसापासून कुणी असा प्रश्न घेऊन आलं की मी आधी हेच विचारते: तुमच्या बारच्या पटलावर काय लिहून येतंय? कन्सोलच्या मेनूत काय निवडलंय यापेक्षा बारला काय मिळतंय ते खरं.

टीव्हीचं आउटपुट 'पीसीएम' केलं. आवाज १६०. एका फटक्यात सत्तरावर मिलिसेकंद गेले. कानाला तर मोजायच्या आधीच कळलं. डीटीएसचीही चौकशी केली होती. त्याची चौकट साधारणपणे ५१२ नमुन्यांची, म्हणजे १०.७ मिलिसेकंदांची, बादली लहान. पण आमचा टीव्ही डीटीएस पुढे जाऊच देत नाही, तेव्हा तो विषय तिथेच मिटला.

पण आता स्टिरिओ झाला होता. मागून चालत येणारा शत्रू पुढून ऐकू येऊ लागला. ज्यासाठी साउंडबार घेतला तेच गेलं. इथे कामाला आला ई-आर्क. २०१७ च्या एचडीएमआय २.१ मध्ये आलेली ही आर्कची पुढची पिढी. हिच्यातून सेकंदाला ३७ मेगाबिटपर्यंत आवाज जाऊ शकतो, आणि सहा चॅनलचा २४ बिटचा, ४८ किलोहर्ट्झचा पीसीएम सात मेगाबिटच्या आतच मावतो. दाबण्याची गरजच उरत नाही. माझा टीव्ही आणि बार दोन्ही ई-आर्कवाले होते. दोन्हीकडे तो बंद होता. टीव्हीत तो आवाजाच्या 'तज्ज्ञ सेटिंग'मध्ये खोल दडलेला, बारमध्ये रिमोटचं एक बटण पाच सेकंद धरून ठेवल्यावर उघडणाऱ्या यादीत. दोन्हीकडे चालू केला, टीव्हीचं आउटपुट 'पास-थ्रू' केलं, म्हणजे आलेल्या आवाजाला हात न लावता पुढे सोड. बारच्या पटलावर पहिल्यांदा 'मल्टिचॅनल पीसीएम' उमटलं. माप १५७, आणि शत्रू पुन्हा पाठीमागे.

ई-आर्क चालू केल्यावर मात्र मध्येच क्षणभर आवाज जाऊ लागला. जुनी लांब केबल काढून अल्ट्रा हाय स्पीड लिहिलेली लावली आणि ते थांबलं. मापात काडीचाही फरक नाही. केबलबद्दल एवढंच सांगेन की ती आवाज तोडू शकते, उशीर करू शकत नाही. दोन-तीन मीटर तारेतून संकेत जायला लागणारा वेळ नॅनोसेकंदांत मोजतात.

मग वळले खुद्द साउंडबारकडे. त्यात 'सिनेमा' नावाचा मोड चालू होता, आवाज खोलीभर पसरल्यासारखा वाटावा म्हणून. संवाद उठावदार करणारा पर्याय चालू होता. रात्रीचा मोडही चालू होता, जो अचानक येणारे मोठे आवाज दाबतो. मोठा आवाज येण्याआधीच दाबायचा तर तो आधी दिसायला हवा, म्हणजे थोडा वेळ धरून ठेवायला हवा. तिन्ही बंद करून बार 'स्टँडर्ड'वर आणला. १४२. रात्रीचा मोड बंद करणं जरा जिवावर आलं, कारण तो मला आवडतो. आता तो फक्त सिनेमापुरता लावते.

आणि शेवटी ती टीव्हीतली पट्टी. २० वर असलेली. कधीतरी पूर्वी एका मालिकेत आवाज ओठांच्या पुढे धावतोय असं वाटून मीच ती वाढवली होती आणि विसरून गेले होते. शून्यावर आणली. १२२.

टीव्हीच्या स्पीकरवर ११८, साउंडबारवर १२२. मी ते माप तीनदा परत घेतलं. मग लेकीला हाक मारली, काही न सांगता कंट्रोलर दिला. ती खेळत असताना मी तिच्या बोटांकडे बघत होते. गाणं संपलं. त्र्याण्णव.

याच्याही पुढे जाता येतं का, म्हणून कन्सोल थेट साउंडबारला आणि साउंडबार टीव्हीला असंही जोडून पाहिलं. आवाज ११७ वर आला. पण आमचा बार ४के चित्र सेकंदाला साठ फ्रेमपर्यंतच पुढे सोडतो; एकशे वीस फ्रेम आणि बदलत्या फ्रेमदराची सोय दोन्ही गेले. पाच मिलिसेकंदांसाठी ते सोडणं मला पटलं नाही. बार चित्राला न अडवणारा असेल तर मात्र ही जोडणी सर्वात सरळ, कारण आवाजाची टीव्हीतली अख्खी फेरी वाचते. आणि पाच मिलिसेकंद म्हणजे किती ते कळायला एक हिशेब उपयोगी पडतो: आवाज हवेतून सेकंदाला ३४३ मीटर जातो, तेव्हा तीन मीटरवरच्या सोफ्यापर्यंत यायला त्याला जवळजवळ नऊ मिलिसेकंद लागतात. लेक पडद्यापासून दीड मीटरवर बसते. नुसती जागा बदलून माझ्यापेक्षा चार मिलिसेकंद तिला फुकट मिळतात.

गेममध्ये कॅलिब्रेशन नावाचा एक पडदा असतो, ज्यात ठोका ऐकून बटण दाबत राहायचं आणि गेम आपला उशीर मोजतो. हे मी सगळ्यात शेवटी केलं, आणि मुद्दाम. आधी केलं असतं तर अडीच-तीन आठवड्यांत पाच वेळा पुन्हा करावं लागलं असतं. शिवाय त्याने काय होतं आणि काय होत नाही ते समजून घ्यायला हवं. मागे चालणारं गाणं गेमला आधीपासून माहीत असतं, तेव्हा ते तो थोडं आधी पाठवून वेळेवर ऐकवू शकतो. आपण दाबल्यावर वाजणारा ड्रम त्याला आधी माहीत नसतो, तो लवकर पाठवता येत नाही. २३४ वर कॅलिब्रेशन केलं असतं तर गुण वाढले असते, ठिपके गाण्याशी जुळले असते, आणि बोटाखालचा ड्रम तेवढ्याच उशिरा वाजत राहिला असता. लेकीची तक्रार नेमकी त्या ड्रमची होती.

एक धास्ती उरली होती ती सिनेमाची. पट्टी शून्यावर आणल्यावर गेम मोड नसताना चित्र मागे पडेल आणि आवाज पुढे धावेल असं वाटत होतं. आवाज पुढे गेलेला माणसाला जास्त खुपतो. वीज आधी चमकते, गडगडाट नंतर येतो, याची आपल्याला जन्मापासून सवय. उलटं कधीच होत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीतही हाच कल दिसतो: आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला की फरक जाणवू लागतो, पण मागे पडला तर १२५ पर्यंत चालतो. युरोपच्या प्रसारण संघाने २००७ मध्ये याहून कडक मर्यादा घातल्या, ४० आधी आणि ६० नंतर. या मर्यादा बघणाऱ्यांच्या आहेत, बटण दाबणाऱ्यांच्या नाहीत. पण सिनेमाला त्या लागू. प्रत्यक्षात धास्ती खोटी ठरली. ई-आर्कमध्ये बार आणि टीव्ही आपापल्या उशिराची माहिती एकमेकांना देतात आणि जुळवून घेतात. ही सोय जुन्या आर्कमध्ये ऐच्छिक होती, ई-आर्कमध्ये बंधनकारक आहे. टीव्हीवरच्या सिनेमांचे ओठ जुळलेलेच राहिले.

मग वाटलं, संपलं. आठवडाभराने उशीर परत आला. कुठलंही सेटिंग बदललेलं नव्हतं. माप २२९, पटलावर 'डॉल्बी डिजिटल'. कारण शोधायला दोन दिवस गेले. लेक कंट्रोलरवरचं बटण दाबून कन्सोल झोपेतून उठवते. सीईसी नावाच्या सोयीमुळे कन्सोल टीव्हीला उठवतो, टीव्ही बारला. बार उठायला सर्वात सावकाश. कधीकधी तो तयार व्हायच्या आत टीव्ही त्याला विचारतो, ई-आर्क आहे का? उत्तर येत नाही, तेव्हा टीव्ही साधा आर्क धरतो आणि पुन्हा स्वतः बादल्या भरू लागतो. यावर पक्का इलाज मला मिळालेला नाही. आधी टीव्ही आणि बार चालू करायचे, बारचे दिवे स्थिर झाले की मग कन्सोल, एवढं पाळलं तर सहसा चुकत नाही. चुकलंच तर बार बंद करून परत चालू करायचा.

हे आता लेकीला माझ्यापेक्षा नीट जमतं. परवा मी दुसऱ्या खोलीत होते. आतून हाक आली, "आई, डॉल्बी दिसतंय!" मी उठेपर्यंत तिनेच बार बंद करून चालू केला होता. दारात पोचले तेव्हा पटलावर 'मल्टिचॅनल पीसीएम' सरकत होतं, आणि ती डोळे मिटून, गाणं लावायच्या आधी, एकच बटण पुन्हा पुन्हा दाबून ड्रम ऐकत होती.